आधी सोलर की आधी गच्चीचं इन्सुलेशन? पैसे एकाच कामाचे आहेत

वैशाखवणवा, जळगाव

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट सांगता येणार नाही म्हणून लिहितेय. आमचं रो हाऊस, १४ वर्षं जुनं. खाली हॉल-किचन, वर दोन बेडरूम आणि त्यावर उघडी गच्ची, साधारण ६५० स्क्वेअर फूट. स्लॅबवर बिल्डरने तेव्हा टाकलेला कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) आहे, त्यावर काही नाही. पूर्वेकडच्या कोपऱ्यात पावसाळ्यात ओल येते, ती वेगळीच डोकेदुखी.

अजून मार्च संपला नाही तर वरच्या खोल्यांमध्ये रात्री अकरापर्यंत बसवत नाही. पंखा लावला की वरून गरम हवाच अंगावर येते. सासूबाई ७६ वर्षांच्या, बीपीच्या गोळ्या चालू. मागच्या मे महिन्यात रात्री लाइट गेली होती, उठताना चक्कर येऊन पडल्या, सलाईन लावावं लागलं. तेव्हापासून मला उन्हाळा म्हटलं की धडकीच भरते.

आता पैशांचं. जवळ दीड लाख आहेत, त्यातून एकच काम होईल. ३ किलोवॅटच्या सोलरचं कोटेशन आलंय १ लाख ९५ हजार, केंद्राच्या सूर्यघर योजनेची ७८ हजार सबसिडी वजा जाता १ लाख १७ हजार पडेल. दुसरं कोटेशन गच्चीचं, जुना कोबा काढून वॉटरप्रूफिंग, त्यावर ५० मिलिमीटर एक्सपीएसची (गरमी अडवणाऱ्या कडक फोमची) शीट, वरून काँक्रीट आणि पांढऱ्या टाइल्स, १ लाख ४० हजार. याला कोणी एक रुपया देत नाही. बिल म्हणाल तर हिवाळ्या-पावसाळ्यात १४० युनिटच्या आसपास, आणि एप्रिल-मे-जूनला एसीमुळे ४२० पर्यंत जातं.

घरच्यांचं म्हणणं, सरकार देतंय तर सोलर घे, मग एसी रात्रभर लाव, बिलाची चिंताच नाही. मला ते मनापासून पटत नाहीये पण का पटत नाही ते नीट मांडताही येत नाही. ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी सांगा प्लीज.

सौर_पुणेकर

ताई, सोलर घ्या. मी स्वतः ३ किलोवॅट बसवून दोन वर्षं झाली, आधी उन्हाळ्यात साडेतीन-चार हजार बिल यायचं, आता स्थिर आकार आणि किरकोळ काहीतरी येतं. सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटला ३०-३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, अशी ७८ हजारांवर थांबते, पुढे कितीही लावा. योजना २०२६-२७ पर्यंतच आहे, पुढे वाढेल न वाढेल कोणी सांगावं. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. इन्सुलेशन पुढच्या वर्षीही करता येईल, सबसिडी गेली तर गेली. आणि पॅनलची सावली गच्चीवर पडतेच, तेवढी गच्ची आपोआप थंड राहते. हे लोक विसरतात.

कोबावाला_नाशिक

ताई, मी २२ वर्षं वॉटरप्रूफिंगची कामं करतोय, सोलरशी माझं काही वाकडं नाही, पण तुमच्या प्रश्नात जी ओल आहे ना तिच्याकडे अजून कोणी बघितलं नाही म्हणून लिहितो.

समजा तुम्ही आधी सोलर बसवलं. पॅनलचे पाय गच्चीवर उभे राहणार, बरेच जण सरळ कोब्यात ड्रिल मारून अँकर बोल्ट ठोकतात. १४ वर्षांचा कोबा, आतून पोकळ झालेला असतो, वरून ठोकून बघा बद्द आवाज येतो का. त्यात १६-२० भोकं पडली की पहिल्या पावसात पाणी कुठून शिरतंय ते शोधता शोधता नाकी नऊ येतात. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाकडे हेच झालं, बसवणाऱ्याने भोकांत नुसतं सिलिकॉन भरलं होतं, तीन महिन्यांत बेडरूमचा पीओपी फुगून खाली आला. शेवटी सगळं स्ट्रक्चर उतरवून कोबा फोडावा लागला, उतरवणं-चढवणं हा खर्च वेगळाच. पॅनल २५ वर्षं राहणार, त्याच्या खालचं काम २५ वर्षं पुरेल असं आधी करून घ्या.

वजनाचंही सांगतो कारण यात लोक फसतात. ४ इंचाचा कोबा तुमच्या गच्चीवर साधारण १० ते ११ टन भरतो. जुना न काढता त्याच्यावरच नवीन कोबा मारणारे मिस्त्री आहेत, स्वस्त पडतं म्हणून, तसलं अजिबात करू नका. एक्सपीएसच्या शीटला वजन नसल्यासारखंच, पण ती उघडी ठेवता येत नाही, उन्हाने खराब होते, वर दीड-दोन इंच काँक्रीट लागतंच आणि ते सहा-साडेसहा टन होतं. म्हणून जुना कोबा काढणं हे कोटेशनमध्ये स्पष्ट लिहून घ्या. उतार परत नीट काढायला सांगा, कठड्याच्या कडेने कोपरे गोल भरून घ्यायला सांगा, आणि शीट टाकायच्या आधी गच्चीवर तीन दिवस पाणी तुंबवून ठेवा. खाली एक थेंब ओल दिसली तरी काम थांबवा, कारण एकदा शीट आणि काँक्रीट वर आलं की गळती एका कोपऱ्यात आणि डाग दुसऱ्या कोपऱ्यात असं होतं, सापडत नाही.

आता मधला मार्ग. कोबा काढाल तेव्हाच सोलरसाठी काँक्रीटचे पेडस्टल, म्हणजे पॅनलचे पाय बसवायचे ठोकळे, ओतून घ्या, बीमच्या रेषेवर, सळई स्लॅबला धरून. बोल्ट त्यातच सोडून ठेवा. वॉटरप्रूफिंग पेडस्टलच्या अंगावर फूटभर चढवा. हे झालं की पॅनल यंदा येवो नाहीतर दोन वर्षांनी, गच्चीला परत हात लावायला नको. ६-८ पेडस्टलला फार पैसे लागत नाहीत.

हिशेब_पक्का, नागपूर

वरच्या दोघांचं वाचलं. आकडे मांडून बघूया कारण ताईंनी युनिट दिलेत ते बरं केलं.

वर्षाचा वापर ९ महिने १४० आणि ३ महिने ४२०, म्हणजे २,५२० युनिट. आपल्याकडे १ किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात. ३ किलोवॅटचे वर्षाला चार हजार दोनशेच्या वर गेले, २ किलोवॅटचे २,८००-२,९००. म्हणजे वर्षाच्या बेरजेत दोनच पुरतात. मग कोटेशन तीनचं का, तर उन्हाळ्यासाठी. आणि इथेच एक गोष्ट आहे जी विकणारा सांगत नाही. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे आपली जास्तीची वीज लाइनवर देऊन बिलातून वजा करून घेतो त्यात, उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जातात ती आर्थिक वर्ष संपेपर्यंतच. ३१ मार्चला खातं बंद, उरलेली युनिटं वितरण कंपनी घेते पण तुम्ही ज्या दराने वीज घेता त्याच्या तुलनेत फारच कमी दराने. आता बघा, नोव्हेंबर ते मार्च तुमचं ऊन चांगलं, वापर कमी, ३ किलोवॅटवर हजार-अकराशे युनिट साठतात, आणि बरोब्बर एप्रिल उजाडायच्या आदल्या दिवशी ती हातातून जातात. ज्या उन्हाळ्यासाठी साठवली त्याला उपयोग शून्य.

म्हणजे तिसरा किलोवॅट हा खरं तर तुमच्या स्लॅबमधून येणाऱ्या गरमीसाठी आहे. तीन महिन्यांसाठी. तोच पैसा स्लॅब झाकायला घातला आणि एसीचा वापर एक तृतीयांशाने जरी खाली आला, तर ४२० चे ३३० होतात, त्यातून २ किलोवॅटचे उन्हाळ्यातले अडीचशे-२६० वजा केले तर ७०-८० युनिटचं बिल राहिलं. ते १०० युनिटच्या आतल्या स्वस्त दराच्या टप्प्यात बसतं, आणि ३०० च्या पुढचा दर किती चढा असतो हे बिलाच्या मागे छापलेलंच आहे. दोन किलोवॅटला सबसिडी ६० हजार मिळतेच, सोडायची ती फक्त १८ हजार.

अजून एक. साधं ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाइनला जोडलेलं सोलर लाइट गेली की बंद पडतं, भर दुपारी सुद्धा, कारण लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक लागू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. ताई, तुमच्या सासूबाई पडल्या ती रात्र लाइट गेलेली होती ना. त्या रात्री ३ काय १० किलोवॅट असतं तरी एसी चालला नसता. बॅटरी लावली तर गोष्ट वेगळी, पण तो खर्च तुमच्या कोटेशनमध्ये नाही.

जाता जाता, जळगावची हवा आमच्यासारखीच कोरडी आहे, मे महिन्यात डेझर्ट कूलर वाळ्याच्या ताट्या लावून एसीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याच्या विजेत काम करतो. पाणी लागतं हे खरं. जूनमध्ये दमट झालं की उपयोग नाही हेही खरं.

माळवद, औसा

मी इंजिनियर नाही, शेती करतो. पण घर आणि गरमी यावर बोलायचं तर आमच्या भागाइतकं कोणी भोगलं नसेल.

आजोबांचं घर माळवदाचं होतं. सागवानी तुळया, त्यावर पाटण, आणि वर दीड-दोन फूट माती, शेवटचा थर पांढऱ्या मातीचा. भिंती दोन-अडीच फूट रुंदीच्या, दगड-मातीच्या. बाहेर ४२ असो नाहीतर ४३, मधल्या खोलीत दुपारी गोधडी टाकून झोपायचो. पावसाळ्याआधी दरसाल माती चढवायची, तणकट काढायचं, हे काम घरातल्या सगळ्यांचं. वर्षानुवर्षं मातीवर माती चढत गेली आणि कोणी मोजली नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाच्या रात्री लोक दमून झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. सरकारी आकडाच जवळजवळ आठ हजार माणसांचा. भूकंप फार मोठा नव्हता म्हणतात, पण चिखलात रचलेल्या दगडी भिंती सुटल्या आणि ती थंडगार ठेवणारी माती टनांनी अंगावर आली. माझ्या आत्याच्या घरातली चार माणसं गेली. त्यानंतर आमच्याकडे कोणी माळवदाचं नाव काढत नाही, पत्रा नाहीतर स्लॅब. जीव वाचला पण उन्हाळा घरात आला. पत्र्याच्या घरात म्हातारी माणसं दुपारी लिंबाखाली बाज टाकून बसतात कारण आत बसवत नाही.

हे मोठं करून सांगायचं कारण, वरचे नाशिकचे दादा वजनाचं बोलले ते एका वाक्यात सोडून देऊ नका. गच्चीवर बाग, माती, वाळूचे थर, उलटे माठ मांडून त्यावर कोबा, असले सल्ले खूप मिळतात आणि ते थंडावा देतात सुद्धा. पण इमारत किती पेलते ते आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा. हलकं इन्सुलेशन मिळतंय तर ते घ्या.

वैशाखवणवा, जळगाव

माळवद दादा, वाचून खूप वेळ काही लिहिताच आलं नाही. वजनाचं लक्षात ठेवीन, इंजिनियरला दाखवूनच करू.

तुमच्या सगळ्यांचं वाचून मी चार दिवस एक काम केलं. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत लेझरचा थर्मामीटर आहे, तो बाईंना सांगून घरी आणला. पहिल्या दिवशी दुपारी चारला गच्चीचा कोबा ५८, तेव्हा खालून बेडरूमचं छत ३८. रात्री साडेनऊला कोबा ३६ वर उतरला होता आणि छत ४१! मला आधी वाटलं माझंच काहीतरी चुकलं, परत तीनदा मोजलं. दुपारी शिरलेली गरमी स्लॅबमधून उतरून रात्री आपल्या डोक्यावर येते. आम्ही एसी लावतो तो बाहेरच्या हवेसाठी नाहीच, तर दुपारच्या उन्हासाठी, रात्री.

मग एका बेडरूमच्या वरच्या भागाला चुना मारला, चुन्यात थोडा फेव्हिकॉल, दोन हात. मुलाने आणि मी मिळून, सातशे रुपयांत झालं. चुना वाळल्यावर दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला त्या खोलीचं छत ३६.५, शेजारच्या खोलीचं ४१. दोन्ही खोल्यांत उभं राहून हात वर केला तरी फरक कळतो. सासूबाईंनी थर्मामीटर न बघताच सांगितलं की आज या खोलीत झळ नाही.

तर प्रश्न, चुन्याने एवढं होत असेल तर १ लाख ४० हजार कशाला?

कोबावाला_नाशिक

छान केलंत. चुना यंदाच्या उन्हाळ्यासाठी सगळ्या गच्चीला मारूनच टाका, त्यात वादच नाही. तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफचं, म्हणजे ऊन परतवणाऱ्या छतांचं धोरण आणलं, मोठ्या प्लॉटवरच्या नव्या इमारतींना सक्तीचं केलं, ते याच कारणाने. पण आपल्याकडची धूळ बघता दीड-दोन महिन्यांत पांढरेपणा जातो, पावसात चुना धुऊन निघतो, दरवर्षी मारावा लागतो. महागडा कूल रूफ पेंट तीन-चार वर्षं जातो पण धुवावा लागतोच. आणि तुमची ओल चुन्याने थांबणार नाही.

इन्सुलेशन धूळ बसली तरी काम करतं. केंद्राची इको निवास संहिता आहे, २०१८ ची, त्यात छतातून गरमी किती शिरावी याची मर्यादा दिलीय, यू-व्हॅल्यू १.२ च्या आत. नुसत्या ५ इंची स्लॅबची त्याच्या अडीच-तीन पट भरते. ५० मिलिमीटरच्या शीटने ती मर्यादेच्या निम्म्यावर येते. फक्त एक लक्षात घ्या, झाकलेला स्लॅब रात्री आभाळाकडे गरमी सोडतही नाही, त्यामुळे रात्री दहानंतर समोरासमोरच्या खिडक्या उघडून हवा खेळवावी लागते. आणि पश्चिमेची भिंत तापत असेल तर ती उरतेच, तिला बाहेरून सावली द्या, शेडनेट, वेल, काहीही.

लेस्टरकर

मी कोल्हापूरचा, सध्या इंग्लंडमध्ये लेस्टरला. इथे प्रश्न उलटा आहे, गरमी आत ठेवायची, पण घोळ तोच.

सरकार हीट पंपला, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणाऱ्या उलट्या एसीला, ७,५०० पौंडांचं अनुदान देतं. हीट पंप एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो, ऐकायला भारी. पण इथे घरं बहुतेक गॅसवर तापवतात आणि विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या जवळपास चौपट महाग आहे. त्यामुळे घरातून उष्णता गळत असेल तर हीट पंप लावून बिल कमी होत नाही, उलट वाढतं. हे मित्राच्या घरी डोळ्यांनी बघितलं, जानेवारीत तीन महिन्यांचा पगार बाजूला ठेवावा तसा तो बिलासाठी पैसे ठेवतो. आधी घर बंद करायला हवं होतं, मग मशीन.

पण आधी इन्सुलेशन म्हणून सरसकट टाळ्या वाजवाव्यात असंही नाही. सरकारी योजनेतून हजारो घरांच्या बाहेरच्या भिंतींना इन्सुलेशन लावलं गेलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने (सरकारी खर्च तपासणारी संस्था) अहवाल दिला की त्यातल्या ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावी लागेल असे दोष आहेत, २२-२३ हजार घरं. ओल, बुरशी. माझ्या शेजारच्या आजींच्या घरात कपाट सरकवलं तर मागची भिंत काळी. इन्सुलेशनची शीट वाईट नव्हती, कडा नीट बंद केल्या नाहीत, हवा जायला जागा ठेवली नाही, घाईघाईत घरामागे घर उरकलं आणि तपासणारा कोणी नाही. काम किती उरकलं ते बघितलं गेलं, घर कोरडं राहिलं का ते नाही.

म्हणून नाशिकच्या दादांचं तीन दिवस पाणी तुंबवायचं वाचलं तेव्हा मनात आलं की हे इथल्या लोकांना कोणीतरी सांगायला हवं होतं. ताई, ते तीन दिवस स्वतः घरी थांबा. रोज खालून छताचे फोटो काढून ठेवा.

सौर_पुणेकर

३१ मार्चचं मी माझ्या बिलात जाऊन आत्ता बघितलं, बरोबर आहे. माझी दरवर्षी सहाशेच्या वर युनिटं जातात, मी आजवर लक्षच दिलं नव्हतं. तरी मी सोलरच्या बाजूनेच आहे, कोळशाची वीज कमी व्हायलाच हवी, पण ताईंच्या घरात आधी गच्ची हे मान्य. फक्त पेडस्टल करताना पॅनलची तोंडं दक्षिणेला येतील आणि पाण्याच्या टाकीची सावली पडणार नाही हे सोलरवाल्याकडून आधी आखून घ्या, नाहीतर पेडस्टल एकीकडे आणि ऊन दुसरीकडे. आणि पांढऱ्या टाइल्सवर दोन्ही बाजूंनी वीज करणारे पॅनल लावले तर खालून परतणाऱ्या उजेडाचाही थोडा फायदा होतो, तेव्हा टाइल्स पांढऱ्याच ठेवा.

वैशाखवणवा, जळगाव

ठरलं. घरी सगळ्यांना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. आधी गच्ची, पेडस्टलसकट, आणि २ किलोवॅटचं सोलर दिवाळीनंतर, तोवर भिशी लागते. इंजिनियर रविवारी येतायत. कामाला मिस्त्री मेच्या पहिल्या आठवड्यातला म्हणतोय, वळवाचा पाऊस यायच्या आत पाण्याची चाचणी उरकली पाहिजे, म्हणून मी एप्रिलच धरून बसलेय. चुना आज उरलेल्या भागालाही मारला. सासूबाईंचा पलंग चुन्याच्या खोलीत हलवलाय, मोठी खिडकी त्यांच्या पायाकडे येईल असा.

कोबावाले दादा, पूर्वेच्या कोपऱ्यात ठोकून बघितलं, दोन-अडीच फुटांच्या भागात बद्द आवाज येतो आणि तिथून बीम जातो असं नकाशात दिसतंय. त्या जागी पेडस्टल घ्यायचा की सोडायचा? उद्या उजेडात फोटो टाकते.